छोटा ट्रॅक्टर आणि बुडखे कुरतडणारे चक्र

झाड तोडणे हे अर्धेच काम असते. करवत चालवून खोड आडवे केले, फांद्या तोडून सरपण रचले, तरी जमिनीत रुतलेला बुडखा जागच्या जागी राहतोच. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, ही म्हण ज्याला डोळ्यांनी पाहावयाची असेल त्याने एखादा मोठा बुडखा काढावयास घ्यावा. पहारीने खणावे तर मुळे चहूकडे पसरलेली. जाळावे तर ओले लाकूड नुसते धुमसत राहते. सुरुंग लावावा तर शेजाऱ्याच्या भिंतीची काळजी. आणि आपोआप कुजू द्यावे तर वर्षानुवर्षे वाट पाहण्याची तयारी हवी.

अमेरिकेच्या मिशिगन आणि ओहायो या राज्यांत हा प्रश्न गेल्या दोन तपांत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. २००२ साली डेट्रॉइट शहराच्या परिसरात आशियातून आलेला एक हिरवा, चकचकीत भुंगेरा आढळला. त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या झाडाची साल आतून पोखरतात आणि झाड वाळते. त्यानंतर त्या देशात अशी कोट्यवधी झाडे मेली. शहरांतील रस्त्याकडेची झाडे नगरपालिकांनी काढली. पण खेड्यातील पाच-दहा एकरांच्या मालकाने काय करावे? त्याच्या दारात वीस-पंचवीस बुडखे उभे, आणि पदरी बहुधा एक छोटा ट्रॅक्टर. हिरवळ कापण्याच्या यंत्राहून मोठा, शेतीच्या खऱ्या ट्रॅक्टरहून लहान, वीस ते चाळीस अश्वशक्तीचा.

बुडखा खणून न काढता जागेवरच कुरतडून त्याचा चुरा करावा, ही कल्पना आयोवा राज्यातील पेला या गावच्या व्हर्मीर कारखान्याने १९५७ साली विक्रीयोग्य यंत्राच्या रूपाने बाजारात आणली. तिचे इंगित साधे आहे. जाड पोलादी चकती वेगाने फिरवावयाची. तिच्या कडेला व दोन्ही अंगांना टंगस्टन कार्बाइडची टोके असलेले दात बसवावयाचे. आणि ती चकती बुडख्यावर उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे थोडी थोडी खाली उतरवीत न्यावयाची. यंत्र कापीत नाही, कुरतडते. तयार यंत्राची किंमत मात्र वर्षातून चार बुडखे काढणाऱ्याला परवडत नाही. म्हणून ज्याच्या घरी वेल्डिंगचे यंत्र आणि लोखंडाचे भंगार आहे असा हुन्नरी गृहस्थ ते स्वतः बनवितो.

असे घरगुती यंत्र प्रथम बहुधा स्वतःच्या इंजिनासह जन्माला येते. दोन चाकांचा गाडा, त्यावर जुने इंजिन, इंजिनापासून चकतीपर्यंत रबरी पट्टे. पुढे घरात छोटा ट्रॅक्टर येतो, जुने इंजिन दमलेले असते, आणि मालकाच्या मनात येते की इंजिन फेकून द्यावे व चकती ट्रॅक्टरच्या मागे जोडावी. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस इंजिनाची शक्ती बाहेर देणारा फिरता दांडा असतोच. त्याला सर्वत्र पी. टी. ओ. म्हणतात. त्याचे माप ठरलेले आहे: ३५ मिलिमीटर जाडीचा, सहा खाचांचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे. अवजार उचलण्यासाठी हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची जोडणीही असते. १९३९ सालच्या फोर्ड ट्रॅक्टरबरोबर ती घरोघर पोचली आणि आज जगभर रूढ आहे. तेव्हा चकती, दांडा आणि जोडणी एकत्र आणली की झाले, असे वाटते. अडचण येथूनच सुरू होते.

पहिली अडचण वेगाची. साठ सेंटिमीटर व्यासाची, पंचवीस मिलिमीटर जाडीची चकती सुमारे पंचावन्न किलो भरते. मिनिटाला हजार फेऱ्यांनी ती फिरू लागली म्हणजे तिच्यात जी ऊर्जा साठते ती एक क्विंटल वजन चौदा मीटर उचलण्याइतकी असते. हीच चकती ५४० फेऱ्यांनी फिरविली तर ते वजन जेमतेम चार मीटर उचलले जाईल. वेग अर्ध्यावर आला तर ऊर्जा चौथाईवर येते, हा नियम कागदावर सर्वांना ठाऊक असतो. वेल्डिंग करताना मात्र विसरला जातो. संथ चकतीचा प्रत्येक दात लाकडाचा मोठा लचका तोडू पाहतो, अडकतो, आणि धक्के देऊ लागतो. वेगवान चकतीचा दात थोडेच घेतो पण सतत घेतो.

भंगारात मोटारीचा मागचा आस, म्हणजे डिफरन्शियल, स्वस्तात मिळतो. शक्ती काटकोनात वळविण्यासाठी पुष्कळजण तोच उचलतात. पण हा आस मोटारीच्या चाकांचा वेग कमी करण्यासाठी घडविलेला असतो. त्याचे प्रमाण चारास एक असेल तर ५४० फेऱ्यांचे १३५ उरतात. एका बाजूचे चाक पक्के बांधून टाकले तर दुसऱ्या बाजूचे दुप्पट फिरते, ही युक्ती खरी. तरीही २७० च्या पुढे मजल जात नाही. झुडपे छाटणाऱ्या यंत्राची गिअर पेटी यापेक्षा कितीतरी सोयीची. ती काटकोनातही वळविते आणि वेगही वाढविते, एकास १.९३ प्रमाणाची पेटी ५४० चे सुमारे १०४० फेरे करते. फक्त ती उभ्या दांड्यासाठी बनविलेली असते. चकतीसाठी ती आडवी करावी लागते, आणि आडवी केली की आतल्या तेलाची पातळी बदलते. वरचे बेअरिंग कोरडे पडू शकते, हवा जाण्याचे भोक तेलात बुडते. भोक नव्या जागी पाडून तेलाची पातळी नव्याने ठरविली नाही तर पेटी अकाली जळते. दात कोणत्या दिशेला तोंड करतील हेही याच वेळी ठरवावे लागते, कारण दातांच्या खोबणी एकदा सांधल्या की उलट फिरविता येत नाहीत, आणि चुरा व खडे चालकाकडे उडणार की पलीकडे, हे त्या दिशेवरच अवलंबून असते.

खरी गोम मात्र वेगात नाही. जुन्या यंत्रात इंजिन आणि चकती यांच्यामध्ये रबरी पट्टे होते. दात एखाद्या चिवट मुळात अडकला की पट्टे किंचाळत, घसरत, धूर काढीत; मालक त्यांना शिव्या देत असे. पण ते घसरणे म्हणजेच यंत्राचे रक्षण होते. ट्रॅक्टरला जोडताना मालक पट्टे काढतो आणि त्यांच्या जागी पोलादी दांडा घालतो. पोलाद घसरत नाही. आता दात अडकला की तो धक्का चकतीतून पेटीत, पेटीतून दांड्यात, दांड्यातून थेट ट्रॅक्टरच्या पोटातील दंतचक्रांत जातो. पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमधून पी. टी. ओ. ला सुमारे वीस अश्वशक्ती मिळते. ५४० फेऱ्यांना त्याचा पीळ एक मीटर लांबीच्या तरफेच्या टोकाला सत्तावीस किलो वजन टांगल्याइतका होतो. धक्क्याच्या क्षणी फिरत्या चकतीतील सर्व साठा एकदम ओतला जातो आणि तो पीळ कैक पटींनी वाढतो. अशा वेळी साखळीतील काहीतरी मोडणारच. ते काय असावे हे यंत्र बनविणाऱ्याने आधी ठरविले नाही तर यंत्र ते ठरविते, आणि यंत्राची निवड बहुधा सर्वांत महाग भागावर पडते. शे-दोनशे डॉलरांच्या भंगारापायी ट्रॅक्टरची गिअर पेटी उघडण्याची पाळी येते.

म्हणून मोडण्यासाठी मुद्दाम एक नाजूक जागा ठेवावी लागते. सर्वांत सोपी म्हणजे दांड्याच्या सांध्यातील कमी ताकदीचा बोल्ट. धक्का आला की तो तुटतो आणि चकती सुटी होते. दोन मिनिटांत नवा बोल्ट घालता येतो. मोह येथेच होतो: सकाळपासून तीन बोल्ट तुटले की चौथ्या वेळी माणूस डब्यातला कठीण पोलादाचा बोल्ट घालतो. तो तुटत नाही हे खरे. मग दुसरेच काही तुटते. बोल्टऐवजी घसरणारा क्लच बसविता येतो. तो अधिक चांगला, पण महिनोन्‌महिने पडून राहिला की त्याच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात आणि घसरावयाचे विसरतात. प्रत्येक हंगामाच्या आरंभी त्याच्या स्प्रिंगा सैल करून त्याला एकदा मुद्दाम घसरू द्यावे लागते. ज्याच्याजवळ जागा आहे त्याने पट्टे काढूच नयेत हे उत्तम. काटकोनाची पेटी एकास एक प्रमाणाची घ्यावी, आणि तिच्यापासून चकतीपर्यंत तीन-चार व्ही पट्टे लहान-मोठ्या कप्प्यांवर चढवावे. वेगही वाढतो आणि घसरणेही परत मिळते.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. चालक क्लच दाबतो, इंजिनाची शक्ती तुटते, पण पंचावन्न किलोची चकती फिरतच राहते. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत पी. टी. ओ. आणि चाके एकाच क्लचवर असतात. तेथे चकती उलट ट्रॅक्टरलाच ढकलते, आणि थांबू पाहणारा ट्रॅक्टर चालत सुटतो. नव्या ट्रॅक्टरांत पी. टी. ओ. स्वतंत्र असतो, पण त्याला जो लहान ब्रेक असतो तो एवढी जड चकती थांबविण्यासाठी केलेला नसतो. दोहोंवर उपाय एकच: सायकलच्या मागच्या चाकाप्रमाणे एकाच दिशेने जोर देणारे फ्रीव्हील दांड्यावर बसविणे. त्याने जोडणीची लांबी काही इंच वाढते, म्हणून मधला सरकता दांडा तेवढा कापून घ्यावा लागतो. नाहीतर जोडणी उचलताच तो आखडून ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर आघात करतो.

वजनाचा हिशेबही वेगळाच आहे. तीनशे किलोचे यंत्र मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे लोंबत असेल आणि ट्रॅक्टरच्या दोन आसांमधील अंतर एक मीटर साठ सेंटिमीटर असेल, तर उचललेल्या स्थितीत पुढच्या चाकांवरून सव्वादोनशे किलोंहून अधिक भार निघून जातो. पुढे वजने टांगली नाहीत तर सुकाणू फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. शिवाय बहुतेक ट्रॅक्टरांची जोडणी उचलते, खाली दाबीत नाही. चकती बुडख्यावर चढली की यंत्रच वर उसळते. त्यासाठी चौकटीला जमिनीवर टेकणारे पाय हवेत, आणि चकतीचा हात त्या चौकटीच्या आत वेगळ्या हायड्रॉलिक नळकांड्याने वर-खाली व बाजूला हलावा. चकती बाजूला नेण्यासाठी ट्रॅक्टरच मागे-पुढे हलवीत बसणाऱ्यांचा अर्धा दिवस त्यातच जातो.

दांड्यावरील आवरणाविषयी थोडेच पण निक्षून सांगितले पाहिजे. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. साडेसात सेंटिमीटर जाडीचा सांधा या वेगाने फिरताना सदऱ्याची बाही एका सेकंदात दोन मीटर गुंडाळतो. हात मागे घेण्याचा विचार मनात येण्यापूर्वी हात गेलेला असतो. घरगुती यंत्रात प्लॅस्टिकचे आवरण बहुधा ‘नंतर बसवू’ म्हणून राहून जाते. ते बसविल्याशिवाय यंत्र एकदाही सुरू करू नये. अमेरिकेत जमीन उकरण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवून गाडलेल्या तारा व नळ यांची खूण करून घेतात. जेथे अशी सोय नाही तेथे जुन्या जाणत्या माणसाला विचारावे.

कोकण-गोव्यातील श्रोत्यांना हा विषय परका वाटू नये. नारळाचा कुजणारा बुडखा म्हणजे गेंड्या भुंग्याचे माहेर. त्याच्या अळ्या त्या कुजक्या लाकडात वाढतात आणि मोठे भुंगे शेजारच्या उभ्या माडांचे कोवळे कोंब पोखरतात. कुळागरात मेलेल्या माडाचा बुडखा ठेवणे म्हणजे जिवंत माडांच्या शत्रूला घर बांधून देणे होय. छोटे ट्रॅक्टर आता नाशिकच्या द्राक्षबागांत सर्रास फिरतात, तेव्हा हे यंत्र येथेही घडविणे अशक्य नाही. पण माड अ‍ॅशसारखा नाही. त्याला सोटमूळ नसते. असंख्य दोरीसारखी मुळे असतात, आणि खोडाचे लाकूड बाहेर कठीण, आत मऊ व तंतुमय. हे तंतू चकतीच्या आसाभोवती गुंडाळले जाऊन बेअरिंगच्या तेलरोधक कड्या कापतात. म्हणून आसाभोवती पोलादी वाटी बसवावी आणि दर थोड्या वेळाने यंत्र बंद करून, ट्रॅक्टरची किल्ली खिशात घालून, ते तंतू सुरीने काढावे. दुसरा शत्रू जांभा. कार्बाइड लाकडाला भारी, पण ठिसूळ. दगडावर आदळताच त्याची टोके उडतात. बुडख्याभोवतीची माती आणि दगड आधी कुदळीने वीतभर तरी मोकळे करावे.

काम संपल्यावर मातीमिश्रित चुऱ्याचा मोठा ढीग उरतो. तोच खड्ड्यात परत लोटण्याची रीत आहे, पण चुरा कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि खड्डाही हळूहळू खचतो. त्या जागी लगेच रोप लावावयाचे असेल तर चुरा काढून चांगली माती भरावी. माडाच्या चुऱ्याचा ओला ढीग तर मुळीच ठेवू नये, कारण गेंड्या भुंगा भुशाच्या ढिगातही तितक्याच आनंदाने अंडी घालतो. तो पातळ पसरून उन्हात खडखडीत वाळवावा आणि मग चुलीसाठी वापरावा.