टीव्ही भिंतीवर, पण किती उंच?



नवा टीव्ही आला, की बसवणारा विचारतो, "कुठे लावू?"
आपण शोकेसच्या वर बोट दाखवतो.
मान अवघडायची सोय तिथेच होते.

आधी नेहमीच्या जागी बसा.
घरातल्या कुणाला तरी टेप धरायला सांगा.
जमिनीपासून डोळ्यांपर्यंत मोजा.
सोफ्यावर ही उंची साधारण साडेतीन फूट भरते.
पडद्याचा मध्य तिथेच हवा.

पुन्हा सांगते.
पडद्याचा मध्य... डोळ्यांच्या रेषेत.

भारतीय बैठक असेल, तर आणखी खाली.
पलंगावर टेकून पाहणार असाल, तर थोडा वर चालेल.
मात्र तिथे पुढे झुकणारा स्टँड घ्या.

आणि हो, ड्रिल सुरू होण्याआधी टीव्हीच्या मापाचं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा.
दहा मिनिटं समोर बसून बघा.
मगच भोकं पाडायला सांगा.