हौस

मनाच्या ओढीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. वस्तू आवडते, छंद जडतो, नाद लागतो. हौस मात्र करावी लागते, पुरवावी लागते, तेव्हा कुठे ती फिटते. तिच्यात खटपट आली, पदरमोड आली.

हा शब्द मूळचा अरबी. तो फारसीच्या वाटेने इकडे आला. हिंदी-उर्दूत ‘हवस’ म्हटलं की लोभ किंवा वासना. तोच शब्द मराठी घरात शिरला आणि इतका निर्मळ झाला, की आईबापांनी लेकीचं नाव हौसा ठेवलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या, स्वातंत्र्यसैनिक हौसाबाई पाटील याच नावाच्या.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने पाहा. परातीत खसखस किंवा तीळ, खाली मंद आच, वरून चमचाभर पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. दाण्यावर पांढरा काटा फुलायला तासन् तास जातात. मग ते दाणे दोऱ्यात गुंफून हार, बाजूबंद, मुकुट करायचे. नव्या सुनेच्या किंवा तान्ह्या बाळाच्या अंगावर ते राहणार जेमतेम एक संध्याकाळ. इतका खटाटोप कशाला, असं कुणी विचारलंच, तर घरातली आजी म्हणते, ‘‘पहिली संक्रांत आहे, हौस नको का?’’ दागिने सुनेचे, हौस आजीची! आवड ज्याची त्याची असते. हौस दुसऱ्यासाठीही करता येते.

जत्रेला हौशे, नवशे, गवशे जमतात म्हणे. नवशांना नवस फेडायचा असतो, गवशांना काही गवसतं का ते बघायचं असतं. हौशे नुसते मजेसाठी येतात, आणि जत्रेला रंग चढतो तो त्यांच्यामुळेच.

‘हौशी’ हे विशेषण मात्र हल्ली ‘कच्चा’ या अर्थाने वापरलं जातं. हा त्या शब्दावर अन्याय आहे. १९५४ पासूनची राज्य नाट्यस्पर्धा हौशी कलावंतांनीच जगवली. १९७२ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक रंगमंचावर आणलं. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर. त्यात नाना फडणवीस उभे करणारे मोहन आगाशे हेही पेशाने डॉक्टरच. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि नाटक हौसेचं, पण त्या हौसेने मराठी रंगभूमीला नवं वळण दिलं.

आजही ठिकठिकाणी राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या रंगतात. तिकीटही माफक असतं. तुमच्या जवळच्या केंद्रावर एखादा प्रयोग जरूर पाहा.