कागद खाली लिहिला जातो
(पापडी इथल्या सभेतलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कायद्याचा पंडित नाही, पण टॅली कळते. वरचा साहेब गोणी बघत नाही, कागद बघतो. सुप्रीम कोर्टाचंही तेच. कागद मात्र खाली, चौकीत लिहिला जातो.

खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगेंच्या घरातली मायलेकरं, चौघं, मारली. तपासातल्या हयगयीबद्दल पोलीस निलंबित झाले. २००८ला भंडाऱ्यात सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण पुराव्यात कोर्टाला जात दिसली नाही. अ‍ॅट्रॉसिटी लागली नाही. २०१०ला नागपूर खंडपीठानं फाशीची २५ वर्षं केली. अपील दिल्लीला गेलं. २० जानेवारी २०१७ला भैयालाल वारले. निकाल आलेला नव्हता.

बेस्ट बेकरीचे साक्षीदार फुटले, तेव्हा १२ एप्रिल २००४ला याच कोर्टानं खटला महाराष्ट्रात नव्यानं चालवायला लावला. मनात आणलं तर होतं!

म्हणून नुसते दिल्लीकडं डोळे लावू नका. पंचनाम्याला हजर राहा. एफआयआरची नक्कल मागा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ नं साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क दिलाय, तो वसूल करा. साक्षीदार एकटा पडला की खटला तिथंच मेला.

जय भीम!