महाजाल, त्याची भाषा आणि घरातील संवाद



१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतातील सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. त्या काळी महाजालाशी जोडले जाणे हा मोजक्या कार्यालयांचा आणि हौशी मंडळींचा विषय होता. आज तेच महाजाल आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात आहे आणि शाळकरी मुलाच्या हातातही आहे. साधन घरोघरी पोहोचले. त्याची समज मात्र त्याच वेगाने पोहोचली नाही. या अंतरावरच भामट्यांचा धंदा चालतो.

महाजालाचे मूळ तत्त्व सोपे आहे. पाठविलेला संदेश वा छायाचित्र एकसंध जात नाही. त्याची लहान लहान पुडकी होतात, प्रत्येकावर पत्ता असतो, वाट मिळेल तशी ती जातात आणि पोहोचल्यावर पुन्हा क्रमाने जुळतात. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. त्यातील पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा कोलमडली! ते जाळे थोड्या संशोधकांचे होते. त्यामुळे पाठविणारा खरोखर कोण आहे, हे पारखण्याची व्यवस्था त्याच्या मूळ रचनेत नव्हती. पुढे संरक्षणाचे अनेक थर चढले, तरी हा स्वभाव टिकून आहे. पुडके पोहोचविणे हे जाळ्याचे काम. पाठविणारा सज्जन की लबाड, हे पाहणे ज्याच्या हाती ते पडते त्याचे काम.

म्हणून पत्ता वाचता आला पाहिजे. संकेतस्थळाच्या पत्त्यात बँकेचे नाव सुरुवातीला कोणीही घालू शकतो. खरा मालक कळतो तो नावानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीच्या भागावरून. भारतीय बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला, तो याच कारणाने. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाविषयीही मोठा गैरसमज आहे. मधल्या वाटेवर संभाषण कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे, याची ग्वाही ते देत नाही.

पत्त्याइतकीच भाषाही समजून घ्यायला हवी. नव्या पिढीची ‘एलओएल’, ‘ओएमजी’, ‘डीएम’ ही लघुरूपे पाहून वडीलधारे कपाळाला हात लावतात. परंतु ‘ओएमजी’ हे लघुरूप ब्रिटिश ॲडमिरल जॉन फिशर यांनी १९१७ साली विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते, आणि ‘स.न.वि.वि.’ लिहिणाऱ्या मराठी माणसाने तरी लघुरूपांना नावे ठेवू नयेत. या शब्दांची थट्टा केली, तर मुले घरात बोलेनाशी होतात. त्यापेक्षा अर्थ विचारावा. ‘डीएम’ म्हणजे दोघांतच राहणारा खासगी संदेश. अनोळखी व्यक्ती मुलाला सर्वांसमोरचे बोलणे सोडून तिकडे बोलावू लागली, तर तो धोक्याचा इशारा आहे, हे अर्थ कळल्यावरच उमगते. खोटे रूप घेऊन मैत्री करणे म्हणजे ‘कॅटफिशिंग’, कोणाचा पत्ता वा खासगी माहिती चव्हाट्यावर मांडणे म्हणजे ‘डॉक्सिंग’, आणि आमिष लावून गुप्त माहिती काढून घेणे म्हणजे ‘फिशिंग’.

भामट्यांचीही एक भाषा असते. तिचा ठसा एकच – घाई आणि गुप्तता. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल ‘एपीके’ या अक्षरांनी संपत असेल, तर ती पत्रिका नव्हे, मोबाइलमध्ये बसविले जाणारे ॲप आहे. ते बसले की ओटीपीचे संदेश परक्याच्या हाती जाऊ शकतात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. ‘पैसे जमा होण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा लबाडच.

सर्वांत क्रूर प्रकार तथाकथित ‘डिजिटल अटके’चा. गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर दिसतो. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असे सांगतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही आणि मुलाबाळांनाही सांगू नका, असे बजावतो. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच स्पष्ट करून थांबा, विचार करा आणि कृती करा, ही त्रिसूत्री दिली. सुशिक्षित, निवृत्त, आयुष्यभर सचोटीने वागलेली माणसे यात फसली. त्यांना एकटे पाडण्यात आले. आणि पोलिसांचे नाव निघताच अब्रूच्या भीतीने त्यांनी तोंड मिटले.

हेच मौन पुढेही घात करते. पैसे गेल्यावर मनुष्य ‘घरचे काय म्हणतील’ म्हणून दोन दिवस गप्प राहतो. वस्तुतः १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार केली, तर रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता असते. तोतयेगिरीने केलेल्या अशा फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी मध्ये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु कायद्याचे चाक तक्रारीवाचून फिरत नाही. छायाचित्र पसरविण्याची धमकी मिळालेल्या मुलाचेही तसेच. त्याला १०९८ ही बाल मदतवाहिनी ठाऊक असावी. त्याहून आधी, आई-बाबांना सांगितले तर ते आपल्या बाजूने उभे राहतील, ही खात्री असावी.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण सर्वांना पाठ आहे. मात्र पुढच्याने ठेच लपविली, तर मागचा शहाणा होणार कसा? घरात कोणी फसला, तर पहिला प्रश्न ‘एवढेही कळले नाही का?’ हा नसावा. ‘१९३० ला फोन केला का?’ हा असावा. रागवायला पुढे आयुष्य पडले आहे, पैसे थांबवायला वेळ थोडा असतो.

येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. नातवाने आजोबांना संकेतस्थळाचा पत्ता वाचायला शिकवावे, आजोबांनी नातवाला अनोळखी माणसाची पारख सांगावी. दोन्ही क्रमांक ठळक अक्षरांत दिनदर्शिकेवर लिहावेत. शेजारी एकटे राहणारे वृद्ध जोडपे असेल, तर त्यांच्याही घरी जाऊन हे सांगावे. ज्या घरात चूक निर्भयपणे सांगता येते, त्या घरातील माणसाला एकटे पाडणे भामट्याला जमत नाही.