गुइलेन-बॅरे रोग कशामुळें होतो?

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं रोगाचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. तथापि इ. स. २०२५ च्या जानेवारींत पुणें येथें सिंहगड रस्त्याकडील वस्तींत गुइलेन-बॅरे या दुर्मिळ मज्जारोगाची सांथ उद्भवली, आणि रोगाच्या नांवाबरोबर नाना समजुतीहि पसरल्या. कोणी म्हणे हा स्पर्शजन्य, कोणी म्हणे हा लसीचा प्रताप. कोणी तर रोग्याच्या घराण्यांत दोष शोधूं लागले. म्हणून त्याच्या कारणांविषयीं चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९१६ सालीं, महायुद्धाच्या धुमाळींत, गुइलेन, बॅरे व स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनीं दोन शिपायांवरून या रोगाचें वर्णन केलें. (बिचाऱ्या स्ट्रोलचें नांव पुढें गळालें!) पावलांना मुंग्या येतात, पाय लुळे पडूं लागतात, आणि थोड्या दिवसांतच ही दुर्बलता हातांपर्यंत, क्वचित् श्वासाच्या स्नायूंपर्यंत चढते.

घात करणारा शत्रु येथें बाहेरचा नसतो. शरीराची संरक्षक सेनाच आपल्या मज्जातंतूंवर उलटते. ती कां उलटावी? बहुतेक रोग्यांना आधीच्या कांहीं आठवड्यांत जुलाब किंवा सर्दीताप होऊन गेलेला असतो. जुलाबाच्या जंतूंपैकीं कँपिलोबॅक्टर जेजुनी हा यांत प्रमुख होय. दूषित पाणी, न तापविलेलें दूध व अर्धकच्चें कोंबडीचें मांस यांतून तो पोटांत जातो. त्याच्या कवचावरील एक शर्करायुक्त द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरील गँग्लिओसाइड द्रव्याशीं हुबेहूब जुळतें. त्यामुळें जंतूला मारण्यासाठीं निर्माण झालेलीं प्रतिद्रव्यें मज्जातंतूंसच शत्रु समजतात. जपानी संशोधक नोबुहिरो युकी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. २००४ मध्यें सशांवरील प्रयोगांनीं हें दाखवून दिलें.

परंतु असा जुलाब झालेल्या हजारांत फार तर एखाद्यासच हा रोग गांठतो. जंतूचा विशिष्ट वाण आणि ज्याच्या त्याच्या शरीराची घडण यांचा मेळ बसावा लागतो. सायटोमेगॅलो विषाणु, मायकोप्लाझ्मा हींहि निमित्तें ठरतात, इ. स. २०१३-१४ मध्यें फ्रेंच पॉलिनेशियांत झिका तापामागून असे रोगी आढळले.

आतां लसीविषयीं. इ. स. १९७६ त अमेरिकेंत डुकरांच्या फ्ल्यूची लस चार कोटींहून अधिक लोकांस टोंचली, तेव्हां लाखामागें सुमारें एक रोगी अधिक निघाला व ती मोहीम थांबविण्यांत आली. हें लपविण्याचें कारण नाहीं. मात्र पुढील फ्ल्यूच्या लशींत हा धोका दहा लाखांमागें एकदोघांपुरता उरला, आणि प्रत्यक्ष फ्ल्यूपासून होणारा धोका त्याहून मोठा आहे. तेव्हां १९७६ चें उदाहरण दाखवून लेंकरांना लशीपासून दूर ठेवणें आम्हांस मुळींच पटत नाहीं.

पुण्याच्या सांथींत दोनशेंहून अधिक संशयित व निश्चित रोगी नोंदले गेले. कित्येकांच्या शौचांत वरील जंतु सांपडला, व संशय पाण्यावर गेला. रोग्याच्या शेजारीं बसल्यानें हा रोग लागत नाहीं. म्हणून अशा घरीं समाचारास जाण्यास कोणीं कचरूं नये. पाणी उकळून प्यावें, मांस नीट शिजवावें. जुलाबानंतर पाय लटपटूं लागले तर तेलमालिशींत दिवस न दवडतां इस्पितळ गांठावें. कारण इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत अधिक गुणकारी ठरतो, व बहुतेक रोगी सहा महिन्यांत पुन्हा आपल्या पायांनीं चालूं लागतात.