रस्त्यावरच्या माणसाला नाव असते



मराठी छायाचित्रकारांचे संमेलन मल्लेश्वरमला भरले याचे काहींना नवल वाटले असेल. मला वाटले नाही. इथून जवळच काडू मल्लेश्वराचे देऊळ आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव दिल्याची नोंद १६६९च्या शिलालेखात आहे. देवळाच्या नावावरून ओळखली जाणारी ही वस्ती मात्र पुष्कळ अलीकडची. १८९८मध्ये बंगळूरच्या पेठांत प्लेग शिरला आणि दाटीवाटीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी मल्लेश्वरम, बसवनगुडी हे भाग भराभर वसत गेले. सरळ रस्ते, त्यांना छेदणारे क्रॉस, घरांच्या मागून सफाईसाठी सोडलेल्या अरुंद गल्ल्या. पायी फिरणाऱ्या माणसासाठी बांधलेली ही वस्ती आहे आणि आपला सगळा धंदा पायांवर चालतो.

आज मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. आपण रस्त्यावरच्या माणसांचे उत्तम फोटो काढतो, पण त्यांचे नाव विचारत नाही.

ही खोड जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ला. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्याच वर्गात हरिश्चंद्र चिंतामण शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ चालवला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची छायाचित्रे त्या काळच्या अल्बमांतून प्रसिद्ध झाली. म्हणजे कॅमेरा या देशात आला तेव्हापासून तो आपल्याही हातात होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा छायाचित्रकार काय करत होता, तेही पाहा. १८६३ आणि १८६६मध्ये त्याने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. माणसांना एका जागी उभे करून टिपायचे, त्यांच्या आकृत्या वेगळ्या काढायच्या आणि दुसरीकडे घेतलेल्या देखाव्यावर बसवायच्या, अशी त्याची रीत. ही पाने भिंगाखाली धरली की माणसाच्या कडेची कापलेली रेघ कुठे कुठे दिसते. पावलांखालची जमीन त्याची नाही, मागची झाडे त्याची नाहीत. खाली मजकूर आहे तो जातीचा. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड छापले. त्यातही बहुतेक चित्रांखाली जमात आहे, धंदा आहे, स्वभावाविषयी शेरा आहे. त्या माणसाला आईबापांनी काय नाव ठेवले होते ते नाही.

आजच्या स्पर्धांच्या कॅटलॉगमध्ये काय छापलेले असते? ‘वृद्धा, राजस्थान’. ‘साधू, वाराणसी’. ‘भिक्षू, म्यानमार’. कॅमेरा पार बदलला, ओळ तीच राहिली. मला हे खुपते.

शरबत गुलाची गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. १९८४मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मकरी यांनी एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि त्या हिरव्या डोळ्यांना साऱ्या जगाने ओळखले. तिचे नाव मात्र छायाचित्रकारालाही माहीत नव्हते. २००२मध्ये ती सापडली, तेव्हा डोळ्याच्या बुबुळावरून खात्री करावी लागली. तोवर तिने आपला हा फोटो पाहिलेलाच नव्हता. २०१६मध्ये खोट्या ओळखपत्रावरून पाकिस्तानात तिला अटक झाली आणि तिची रवानगी अफगाणिस्तानात झाली. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी एक, आणि त्या चेहऱ्याच्या मालकिणीला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. मकरींचे कौशल्य मी नाकारत नाही. तो फोटो थोर आहे. थोर आहे म्हणूनच तर नाव न विचारण्याची किंमत एवढी मोठी झाली.

इथे तरुण मित्र लगेच म्हणतात, आधी विचारले तर सहजता जाते, माणूस सावरून बसतो. खरे आहे. मग नंतर विचारा. क्षण टिपा, कॅमेरा खाली करा, दोन पावले पुढे व्हा, मागच्या पडद्यावर फोटो दाखवा. नको म्हणाले तर त्यांच्या समोर पुसून टाका. आणि नाव जाणून घेणे वेगळे, छापणे वेगळे. निर्वासित, आंदोलक, घर सोडून आलेली बाई यांचे नाव आपल्या वहीत राहू द्या, बाहेर काढू नका.

उद्या सकाळी आपण आठव्या क्रॉसवर जाणार आहोत. तिथे फुलवाल्या बसतात. मल्लिगे, अबोली, शेवंती, मध्येच दवण्याचा हिरवा वास. फुलवाली माळ मोजते ती हाताने. कोपराला एक टोक, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताण, अंगठ्याने धरायचे, पुन्हा ताण. तोंडाने दुसऱ्या गिऱ्हाईकाशी भाव चालू असतो आणि हात इतका भरभर चालतो की शटर एक अडीचशेच्या खाली ठेवले तर बोटे विरघळून जातात. मोजून झाले की ती चार बोटे जास्तीची सोडते आणि मगच दोरा तोडते. गिऱ्हाईक जुने असेल तर अजून थोडी. तो जास्तीचा तुकडा कुणाला मिळाला आणि का, हे कळायला एक सकाळ पुरत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते. “अम्मा, निम्म हेसरेनु?” एवढे कन्नड कुणालाही येईल. पुढच्या खेपेला चार बाय सहाची प्रिंट घेऊन जा. तिसऱ्या खेपेला ती तुम्हाला बसायला पाट देईल, आणि खरे फोटो तिथून सुरू होतात.

हे भाबडेपणाने सांगत नाही, अशी माणसे आपल्यासमोर आहेत. इथून तीन तासांवरच्या म्हैसूरचे टी. एस. सत्यन. युनिसेफसाठी त्यांनी काढलेले मुलांचे फोटो १९७९च्या बालवर्षात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात लागले; तरी त्यांचा जीव म्हैसूरच्या रोजच्या आयुष्यात रमला. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमागे वर्षे घातली, त्यांच्याबरोबर गटारांपर्यंत गेले आणि त्यांच्या घरांतही बसले. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांवर केलेले काम पाहा. राहुटीच्या मागच्या बाजूला, रंग लावताना, मूल निजवताना कुणी कॅमेरा सहज येऊ देत नाही. तिथे पोचायला लेन्स लांब असून चालत नाही, ओळख लागते.

परदेशी गेल्यावर आपली मंडळी कायद्याला घाबरतात, ते बरेच आहे. जर्मनीत माणसाचे चित्र प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते. तो कायदा १९०७चा, आणि त्याच्या मुळाशी १८९८चा एक प्रसंग आहे: बिस्मार्क वारले त्या रात्री दोन छायाचित्रकार खोलीत घुसले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. क्योतोच्या गिओन भागात गेशांमागे धावणाऱ्या पर्यटकांना कंटाळून रहिवाशांनी २०१९मध्ये खासगी गल्ल्यांत फोटोबंदीचे फलक लावले, दंड दहा हजार येन. तिथे आपण निमूट कॅमेरा पिशवीत टाकतो. आणि घरी? आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात बायाबापड्या स्नान करत असतात आणि दोनशे मिलिमीटरच्या लेन्स त्यांच्यावर रोखलेल्या असतात. त्या फोटोंना बक्षिसेही मिळतात. मी परीक्षक असेन तिथे ती मिळणार नाहीत, हे आजच सांगून ठेवतो. कायद्याचेच म्हणाल तर याच राज्याच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. वाळवंटातल्या त्या माउलीलाही तो आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोला, असा आग्रह झाला. थोडक्यात बोलतो. २०२३मध्ये बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी पुरस्कार नाकारला, कारण त्यांचे चित्र यंत्राने घडवलेले होते. यापुढे चित्र नुसते सुंदर असून भागणार नाही. कुणाचे, कुठले, कधीचे, हे सांगता येणाऱ्या चित्रालाच पुरावा म्हणून उभे राहता येईल. म्हणून फाइलच्या माहितीत मराठीत ओळ लिहा: नाव, जागा, तारीख, संमती. देवनागरी तिथे व्यवस्थित बसते.

शेवटी एक काम. बंगळूरच्या मराठी घरांत जुने अल्बम पडून आहेत. कुणाच्या आजोबांचा एमजी रोडवरच्या जी. के. वेलमध्ये काढलेला फोटो असेल, कुणाकडे आगफा क्लिक थ्रीवर टिपलेली बारा चौकोनी चित्रे. नावे सांगणारी माणसे ऐंशी-नव्वदीला आली आहेत. चिकट पानांचे अल्बम सर्वांत आधी हाती घ्या. त्यांचा गोंद प्रिंट खातो. फोटो ओढून काढू नका, पानाखाली दोरा सरकवून सोडवा. मागे बॉलपेन नको, मऊ शिसपेन्सिल चालेल, तीही कडेला, हलक्या हाताने. मागच्या दालनात दोन स्कॅनर आणि कन्नड-मराठी जाणणारे चार स्वयंसेवक संध्याकाळपर्यंत बसणार आहेत. ज्यांनी अल्बम आणले असतील त्यांनी घरातले वडीलधारे माणूसही बरोबर आणावे. आधी त्यांना बोलू द्या, ध्वनिमुद्रण चालू ठेवा, स्कॅन नंतर.