रांगत्या बाळाला जमीन द्या

(अंगणवाडी सेविका व माता यांच्या मेळाव्यात एका बालरोगतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या देवघरातील बाळकृष्णाची मूर्ती डोळ्यांसमोर आणा. गुडघा टेकलेला, एक हात भुईवर आणि दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. ज्या समाजाने रांगत्या बाळाला देवाचे रूप मानले, त्याच समाजात आज बाळाला रांगण्यापुरती मोकळी जमीन मिळणे कठीण होत चालले आहे.

काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मूल छान बसत होते, हसत होते. पण रांगत नव्हते. "पायांत जोर नाही असे सासूबाई म्हणतात," असे सांगताना तिचे डोळे भरून आले. मी मुलाला तपासले. पाय उत्तम होते. मग घरची चौकशी केली. एकच खोली, शेगडी जमिनीवर, दिवसभर शिलाईचे काम. भाजेल, सुया टोचतील या भीतीने मूल सारा वेळ झोळीत किंवा कडेवर. त्या मातेचे चुकले असे मी म्हणणार नाही. तिचा नाइलाज होता. आम्ही दोघींनी मिळून एवढेच ठरविले, की शेगडी उंचावर ठेवायची, शिलाईचे सामान फळीवर ठेवायचे आणि एका कोपऱ्यात गोधडी अंथरायची. काही आठवड्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा मूल माझ्या टेबलाखाली रांगत गेले!

रांगण्याने काय साधते? हातांवर भार पडल्याने खांदे, मनगटे व पाठ बळकट होतात. एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय यांचा मेळ बसतो. वस्तू किती दूर आहे याचा अंदाज नजरेला येऊ लागतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, हवे तेथे आपल्या बळावर जाता येते हा अनुभव बाळाला प्रथमच मिळतो. थोडे पुढे जाऊन ते थांबते, वळून आईचा चेहरा पाहते आणि मग पुढे जायचे की नाही ते ठरविते. धीटपणाचा पहिला धडा तो हाच.

यासाठी बाळाला शिकवावे लागत नाही; संधी द्यावी लागते. झोपताना उताणे आणि जागेपणी पालथे, हा नियम लक्षात ठेवा. जे बाळ अजून हालचाल करीत फिरत नाही, त्याला जागेपणी दिवसभरात थोडे थोडे करून निदान ३० मिनिटे पोटावर ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ मधील शिफारस आहे. त्या वेळी कोणीतरी जवळ असलेच पाहिजे. आरंभी आईच्या छातीवर, पुढे चटईवर. खुळखुळा हाताच्या जरासा पलीकडे ठेवा. पाय झाडणाऱ्या बाळाच्या तळव्यांमागे आपला हात धरा. तो रेटून ते पुढे सरकेल. मात्र हात धरून ओढू नका.

जमीन देताना ती निर्धोक करा. गरम चहा, पाण्याने भरलेली बादली, विजेची बटणे, नाणी, शेंगदाणे ही सारी बाळाच्या हाताबाहेर हवीत. जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभे राहू लागल्यावर हाती येई. परंतु आत बसवायचा चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट अपघात होतात. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांच्या पाहणीवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार रांगणे साधारण सव्वापाच ते साडेतेरा महिन्यांच्या दरम्यान कधीही सुरू होऊ शकते. सुमारे ४ टक्के बालके हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कोणी पोटावर सरपटते, कोणी बसूनच पुढे घसरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

पण काही खुणा दिसल्या तर थांबू नका. नऊ महिने उलटूनही बाळ आधाराविना बसत नाही, एकच हात वा एकच पाय वापरते, अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटते, येत असलेली गोष्ट करेनासे होते, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा बालकांच्या तपासणीची आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचारांची सोय आहे. सेविका भगिनींनी अशा मातेला धीर द्यावा, दोष देऊ नये.

आज घरी गेल्यावर एक कोपरा मोकळा करा, तेथे गोधडी अंथरा आणि आपणही क्षणभर जमिनीवर बसा. पुढचे काम बाळ स्वतःच करील.